पर्यटनात पीएचडी: गाइड शोधण्यापासून नोंदणीपर्यंतचं एक प्रकरण

हे प्रकरण २०२५ सालातलं आहे. ओळख पटू नये म्हणून उमेदवार, कॉलेज आणि विद्यापीठ यांची नावं दिलेली नाहीत. यात येणाऱ्या चार गाइडना (पीएचडीच्या मार्गदर्शकांना) इथे क, ख, ग, घ म्हटलं आहे.

पार्श्वभूमी

उमेदवार ३६ वर्षांच्या. हॉटेल मॅनेजमेंटची पदवी घेतल्यावर मुंबईतल्या एका पंचतारांकित हॉटेलात बँक्वेटला चार वर्षं काढली. गेली नऊ वर्षं त्या पश्चिम महाराष्ट्रातल्या एका विनाअनुदानित हॉटेल मॅनेजमेंट कॉलेजात फूड अँड बेव्हरेज सर्व्हिस शिकवतात. नोकरी सांभाळून इग्नूतून पर्यटन व्यवस्थापनाची मास्टर्स केली, ५८ टक्के मिळाले. पीएचडीसाठी किमान ५५ टक्के लागतात (अनुसूचित जाती-जमाती, नॉन-क्रीमी लेअर ओबीसी, दिव्यांग, ईडब्ल्यूएस यांना ५ टक्क्यांची सूट), त्यामुळे तिथे अडचण नव्हती. इग्नूची पदवी चालेल का, ही शंका त्यांना उगाच महिनाभर छळत राहिली. पदवी दूरशिक्षणाने मिळवलेली चालते. दूरशिक्षणाने किंवा ऑनलाइन करता येत नाही ती पीएचडी. या दोन गोष्टींची गल्लत फार जण करतात.

डिसेंबर २०२४ च्या सत्राची नेट (विद्यापीठ अनुदान आयोगाची, म्हणजे यूजीसीची, राष्ट्रीय पात्रता परीक्षा) त्यांनी ‘पर्यटन प्रशासन आणि व्यवस्थापन’ या विषयात दिली. विषय क्रमांक ९३. निकाल फेब्रुवारी २०२५ मध्ये लागला. जून २०२४ पासून नेटच्या निकालात तीन गट असतात: जेआरएफसह (संशोधनासाठीची फेलोशिप) सगळं मिळालेले, सहायक प्राध्यापक आणि पीएचडी प्रवेश या दोन्हींना पात्र ठरलेले, आणि फक्त पीएचडी प्रवेशाला पात्र ठरलेले. उमेदवार तिसऱ्या गटात आल्या. जेआरएफचा प्रश्न आधीच मिटला होता, कारण वयोमर्यादा ३० आणि महिलांना ५ वर्षांची सूट धरली तरी ३५.

तिसऱ्या गटाचे गुण पीएचडी प्रवेशासाठी एकच वर्ष चालतात. म्हणजे निकाल हातात आला त्याच दिवशी घड्याळ सुरू झालं.

अडचण नेमकी कुठे होती

वरवर पाहता सगळं जागच्या जागी होतं. नेट आहे, मास्टर्स आहे, अनुभव आहे, विद्यापीठ दोन तासांवर आहे. पण आपला विषय विद्यापीठाच्या कपाटात कुठल्या खणात ठेवलाय, हे पर्यटनवाल्यांना आधी हुडकावं लागतं. महाराष्ट्र सार्वजनिक विद्यापीठ अधिनियम २०१६ प्रमाणे चार विद्याशाखा आहेत: विज्ञान व तंत्रज्ञान, वाणिज्य व व्यवस्थापन, मानव्यविज्ञान आणि आंतरविद्याशाखीय अभ्यास. हॉटेल मॅनेजमेंटच्या पदवीच्या नावात ‘बी.एस्सी.’ असलं, तरी पीएचडीचा विषय वाणिज्य व व्यवस्थापनाखाली असू शकतो. पर्यटनावर खरं काम करणारी पुष्कळ माणसं भूगोलात सापडतात, आणि भूगोल कुठे विज्ञानात असतो तर कुठे मानव्यविज्ञानात. आपल्या विषयाचा गाइड शेजारच्या इमारतीत बसलेला असतो आणि नियमाने तो आपला गाइड होऊ शकत नाही.

दुसरी गोष्ट संख्येची. यूजीसीच्या २०२२ च्या पीएचडी नियमांनुसार प्राध्यापकाकडे एका वेळी ८, सहयोगी प्राध्यापकाकडे ६ आणि सहायक प्राध्यापकाकडे ४ विद्यार्थी असू शकतात. निवृत्तीला तीन वर्षांहून कमी काळ उरलेल्यांना नवा विद्यार्थी घेता येत नाही. कंत्राटी किंवा तासिका तत्त्वावरचे शिक्षक गाइड होऊ शकत नाहीत. हॉटेल मॅनेजमेंटच्या कॉलेजांत शिकवणारे बरेच जण थेट हॉटेलातून आलेले. किचन आणि फ्रंट ऑफिस मुरलेलं, पण पीएचडी नाही. पीएचडी असलेल्यांपैकी कायम नोकरीवाले आणखी कमी. एवढ्या चाळण्यांतून खाली पडणारे गाइड हाताच्या बोटांवर मोजण्याइतके, आणि त्यांच्यामागे लागलेले उमेदवार ढीगभर.

म्हणजे प्रवेशाची गाठ गाइडच्या रिकाम्या जागेशी. उमेदवाराने शोध मात्र विद्यापीठापासून सुरू केला होता.

पहिले दोन महिने: ४१ ईमेल

मार्चमध्ये त्यांनी वेगवेगळ्या विद्यापीठांच्या संकेतस्थळांवरून पत्ते गोळा केले आणि ४१ जणांना एकच ईमेल पाठवला. मजकूर साधारण असा: मी अमुक कॉलेजात नऊ वर्षं शिकवते, नेट पात्र आहे, पर्यटन क्षेत्रात संशोधन करण्याची तीव्र इच्छा आहे, कोकणातील पर्यटन विकास हा माझा आवडीचा विषय आहे, कृपया मार्गदर्शन करावं. सोबत पाच पानी बायोडेटा.

उत्तरं तीन आली. एकाने ‘प्रवेशाची सूचना निघेल तेव्हा बघा’ म्हणून कळवलं. एक गृहस्थ दोन वर्षांपूर्वीच निवृत्त झाले होते. तिसरं उत्तर ‘क’ यांचं, एका ओळीचं: ‘तुमचा प्रश्न काय आहे?’

उमेदवारांना आधी ते तुसडं वाटलं. पण ईमेल पुन्हा वाचला तर त्यात प्रश्न नव्हताच, फक्त इच्छा होती. ‘कोकणातील पर्यटन विकास’ हा टॉपिक नव्हे. त्यात बंदरं येतात, चिपी विमानतळ येतो, सिंधुदुर्ग किल्ला येतो, आंब्याच्या बागा आणि डॉल्फिन बघायला नेणाऱ्या होड्याही येतात. असा ईमेल वाचून गाइडला कळतं ते इतकंच, की पुढची दोन वर्षं टॉपिक शोधण्यात जाणार आणि ते काम आपल्याच गळ्यात पडणार.

‘क’ यांच्याकडे जागा नव्हती. प्रकरणात त्यांचा वाटा त्या एका ओळीपुरता, पण ती ओळ सगळ्यांत उपयोगी पडली.

प्रश्न कसा सापडला

मे महिन्याच्या सुट्टीत त्या मालवण-तारकर्ली भागात गेल्या. तिथे गावोगाव निवास-न्याहरीची घरं आहेत, काही सरकारदरबारी नोंदवलेली, काही नुसतीच पाटी लावलेली. दोन खेपांत मिळून त्या सहा घरांत राहिल्या आणि एका साध्या वहीत तासाचं टिपण ठेवलं: पहाटे पाचपासून रात्री अकरापर्यंत घरातलं कोण काय करतं.

एका घरातली नोंद नमुन्यादाखल. तीन खोल्या, नऊ पाहुणे. घरातली सून पावणेपाचला उठून आंबोळ्यांचं पीठ बघते, सातपर्यंत चहा, साडेआठपर्यंत न्याहरी, मग चादरी आणि बाथरूम, अकराला बाजारातून मासे आले की ते साफ करणं, दुपारची ताटं. नवरा फोनवर बुकिंग घेतो आणि खोलीचा दर ठरवतो. नोंदणी सासऱ्यांच्या नावावर, कारण घरपट्टी त्यांच्या नावावर. संध्याकाळी पाहुण्यांनी वाढीव ताटांचे पैसे दिले तेव्हा सुनेने ते मोजले आणि न बोलता डब्यात टाकले. तो डबा मात्र तिचा.

या डब्यावरून प्रश्न सुटा झाला: घरगुती पर्यटन व्यवसायात काम कोणाचं, मालकी कोणाची, दर कोण ठरवतं आणि पैशावर हात कोणाचा? हा प्रश्न पदवीच्या भाषेत मांडता येतो, मोजता येतो, आणि बँक्वेटचं रोस्टर लावलेल्या माणसाला तो चांगला मोजता येतो. उमेदवारांचा हॉटेलातला अनुभव इथे पहिल्यांदा कामाला आला. तोवर बायोडेटात त्याने फक्त जागा अडवली होती.

गाइडची यादी: काय पाहिलं

दुसऱ्या वेळी त्यांनी संकेतस्थळं चाळण्याऐवजी एक्सेलमध्ये एक तक्ता केला. रकाने असे: गाइडचा मान्यताप्राप्त विषय आणि विद्याशाखा, पद, जन्मसाल किंवा निवृत्तीचं साल, सध्याचे विद्यार्थी, गेल्या तीन वर्षांतले शोधनिबंध, कोणत्या संशोधन केंद्राशी जोडलेले, आणि पूर्ण झालेले प्रबंध.

शेवटचा रकाना भरायला शोधगंगा वापरली. इन्फ्लिबनेट या संस्थेच्या या ऑनलाइन प्रबंध-भांडारात गाइडच्या नावाने शोध घेता येतो, आणि बऱ्याच प्रबंधांच्या नोंदीत नोंदणीची तारीख आणि पूर्ण झाल्याची तारीख दिलेली असते. दोन्हींतली वजाबाकी केली की गाइडच्या हाताखाली प्रबंधाला किती वर्षं लागतात ते समजतं. गाइडच्या बायोडेटात हे कधीच नसतं. एका नामवंत नावासमोर सात, साडेसात, आठ असे आकडे आले. एका फारशा कुणाला माहीत नसलेल्या नावासमोर साडेचार आणि पाच. प्रबंध उघडून सुरुवातीची ऋणनिर्देशाची पानं वाचणंही फायद्याचं. ‘सरांनी प्रत्येक प्रकरण तीनदा तपासलं’ आणि ‘सरांचे आशीर्वाद लाभले’ या दोन वाक्यांत पुष्कळ अंतर आहे.

विद्यापीठाने जाहीर केलेल्या रिक्त जागांच्या यादीवर मात्र विसंबून चालत नाही. यादीत ‘२ जागा’ दिसतात. फोन केला की कळतं, एक त्याच संस्थेतल्या शिक्षकाला कबूल झाली आहे आणि दुसरीबद्दल ‘बघू’. यात गैर काही नसतं, संस्था आपल्या माणसांना आधी बघते. पण जागा कागदावर रिकामी आणि मनात भरलेली असू शकते, हे धरून चालावं.

तक्त्यात सुरुवातीला २३ नावं होती. विद्याशाखा अगदीच जुळत नाही म्हणून ९ गेली, निवृत्ती जवळ म्हणून ४, जागा नाही म्हणून ५. उरली पाच. त्यांतल्या एकाने उत्तरच दिलं नाही, आणि एकाला निबंध छापून आणायची हमी आधी हवी होती. २०२२ च्या नियमांत प्रबंध सादर करण्याआधी निबंध छापण्याची देशपातळीवरची सक्ती उरलेली नाही; एखादं विद्यापीठ स्वतःची अट घालू शकतं, पण प्रवेशाआधी गाइडने मागायची ही गोष्ट नव्हे. शेवटी तिघांशी बोलणं पुढे गेलं.

समोर असलेले पर्याय

परदेशाचा विचार त्यांनी गंभीरपणे केला होता. न्यूझीलंडमध्ये परदेशी पीएचडी विद्यार्थ्यांनाही स्थानिकांइतकीच फी पडते आणि ओटागो विद्यापीठात पर्यटनाचा स्वतंत्र विभाग आहे. हाँगकाँग पॉलिटेक्निकचं हॉटेल आणि पर्यटनाचं स्कूल जगात अग्रगण्य मानलं जातं, आणि हाँगकाँगच्या सरकारी पीएचडी फेलोशिपचे अर्ज डिसेंबरच्या सुरुवातीपर्यंत घेतात. इंग्लंडात सरे विद्यापीठ. या सगळीकडे आधी गाइडशी बोलणं, मग दोन ते चार पानांचा प्रस्ताव, मग अर्ज असा क्रम असतो, आणि मास्टर्समध्ये स्वतंत्र संशोधन किती केलं हे कसून विचारतात. उमेदवारांचं मास्टर्समधलं संशोधन तोकडं होतं. मुलगी नववीत होती. हा पर्याय त्यांनी मेअखेर सोडला.

राज्याबाहेरची सरकारी विद्यापीठं हा दुसरा. पर्यटनाचे जुने, भरभक्कम विभाग तिकडे आहेत: कुरुक्षेत्र, पाँडिचेरी, गढवाल, कोट्टायमचं महात्मा गांधी विद्यापीठ, दिल्लीत जामिया आणि इग्नू. विषयाची ओळख करून द्यावी लागत नाही, गाइड त्याच विषयातले, वाचनालयात हवी ती जर्नलं. पण पूर्णवेळ जावं लागलं असतं. जेआरएफ नसताना नोकरी सोडून तीन-चार वर्षं काढायला घरात दुसरा पगार पुरेसा नव्हता. सारथी, महाज्योती, बार्टी या राज्य सरकारच्या संस्थांच्या फेलोशिप पूर्णवेळ संशोधकांसाठी असतात. नोकरी चालू ठेवणाऱ्याचा तिथे विचार होत नाही. उमेदवार तिशीच्या आत असत्या आणि जेआरएफ हाती असती, तर आमच्या मते हाच पर्याय पहिला ठरला असता.

तिसरा पर्याय व्हॉट्सॲपवर चालून आला. एका दलालाने एका खासगी विद्यापीठाची अर्धवेळ पीएचडी ‘सगळं धरून’ चार लाखांत सांगितली. सगळं म्हणजे गाइड, सिनॉप्सिस (संशोधनाचा आराखडा), दोन निबंध आणि ‘बायंडिंगसकट’ प्रबंध. जानेवारी २०२५ मध्येच यूजीसीने राजस्थानातल्या तीन खासगी विद्यापीठांना पीएचडीचे नियम धुडकावल्याबद्दल पाच वर्षं नवे पीएचडी प्रवेश द्यायला मनाई केली होती. उमेदवारांनी तो क्रमांक ब्लॉक केला. त्यांच्या कॉलेजातल्या एका सहकाऱ्याने केला नाही, असं कळतं.

चौथा पर्याय जवळच्या सरकारी विद्यापीठात, वाणिज्य व व्यवस्थापन विद्याशाखेत, अर्धवेळ. यासाठी तीन गाइड समोर होते, त्यांतल्या एक दुसऱ्या विद्याशाखेतल्या.

निर्णयाचा क्षण: ख, ग की घ

‘ख’ हॉटेल मॅनेजमेंटमधले प्राध्यापक, क्षेत्रात मोठं नाव. आठपैकी सात जागा भरलेल्या. निवृत्तीला साडेतीन वर्षं. नियमात बसत होते, पण प्रवेशप्रक्रिया सहा महिने लांबली असती तर बसले नसते. शिवाय अर्धवेळ पीएचडीला साडेतीन वर्षं पुरत नाहीत. मधेच गाइड बदलावा लागला असता.

‘घ’ भूगोलातल्या, कोकणातल्या पर्यटनावर वीस वर्षं काम केलेल्या. टॉपिक ऐकताच त्यांनी तीन गावांची नावं सुचवली आणि एक चूकही दाखवली: सगळी घरं किनाऱ्यावरची निवडू नका, आतल्या गावांत बायकांचा हात वेगळा चालतो. मनाने उमेदवार इथेच थांबल्या होत्या. पण विद्याशाखा वेगळी. भूगोलात जायचं तर मास्टर्स संलग्न विषयात धरतील का, हा प्रश्न, आणि नेटही दुसऱ्या विषयाची.

‘ग’ व्यवस्थापनातल्या सहयोगी प्राध्यापक, स्वतःची पीएचडी सेवा क्षेत्रातल्या मनुष्यबळावर. सहापैकी दोन जागा भरलेल्या, निवृत्ती दूर. तक्त्यातले साडेचार आणि पाच हे आकडे यांचेच. कोकण त्यांनी सहलीपुरतं पाहिलेलं.

उमेदवारांनी ‘ग’ निवडल्या आणि ‘घ’ यांना सहमार्गदर्शक म्हणून विचारलं. नियम दुसऱ्या विभागातला सहमार्गदर्शक घेऊ देतात. हे आधी सुचलं नव्हतं. ‘घ’ यांनीच सुचवलं. दोघींना पाठवलेला ईमेल या वेळी बारा ओळींचा होता: प्रश्न, सहा घरांतलं टिपण काय दाखवतं, कोणती पद्धत, किती गावं, अर्धवेळ का, आणि ‘तुमच्या विद्यार्थ्याच्या अमुक प्रबंधातलं कामाच्या तासांचं मोजमाप मला वापरता येईल असं वाटतं.’ ‘ग’ यांचं उत्तर त्याच दिवशी आलं.

कागदांत काय अडलं

ऑगस्टमध्ये अर्ज भरला आणि दोन ठिकाणी ठेच लागली.

पहिली नेटच्या गुणांची. निकालावर गुण आणि पर्सेंटाइल (शंभरांतल्या किती जणांच्या पुढे आहात तो आकडा) दोन्ही छापलेले असतात. उमेदवारांना ३०० पैकी १६८ गुण होते, म्हणजे ५६ टक्के, आणि पर्सेंटाइल ८८ च्या पुढे. अर्जातल्या ‘टक्के’ या चौकटीत त्यांनी पर्सेंटाइल लिहिलं. दुसऱ्या आणि तिसऱ्या गटातल्यांसाठी नेटला ७० आणि मुलाखतीला ३० टक्के वजन असतं. गुणांवरून त्यांचे ७० पैकी ३९.२ होत होते, पर्सेंटाइलवरून ६१ च्या वर गेले असते. पडताळणीत चूक पकडली गेली, लेखी खुलासा द्यावा लागला. लबाडी समजून अर्ज बाद झाला असता तरी दाद मागायला जागा नव्हती.

दुसरी एनओसीची, म्हणजे नोकरीच्या संस्थेच्या ना-हरकत पत्राची. कॉलेजने लेटरहेडवर दोन ओळी दिल्या: ‘पीएचडी करण्यास संस्थेची हरकत नाही.’ एवढ्याने भागत नाही. अर्धवेळ पीएचडीसाठीच्या एनओसीत तीन गोष्टी स्पष्ट हव्यात: अर्धवेळ अभ्यास करायला परवानगी आहे, कामाचं स्वरूप संशोधनाला पुरेसा वेळ देतं, आणि गरज पडल्यास कोर्सवर्क (पीएचडीच्या सुरुवातीचा अभ्यासक्रम) पूर्ण करण्यासाठी कामातून मोकळं केलं जाईल. तिसऱ्या वाक्यावर संस्था अडली. विनाअनुदानित कॉलेजला बदली शिक्षक म्हणजे खर्च. शेवटी प्राचार्यांनी तोडगा काढला: कोर्सवर्कच्या काळात प्रॅक्टिकल शनिवारी घ्यायची, आणि उन्हाळी ट्रेनिंगचं समन्वयाचं काम उमेदवारांनी अंगावर घ्यायचं. एनओसी मिळायला १९ दिवस लागले. अर्जाची मुदत संपायला तेव्हा दोन दिवस उरले होते.

मुलाखत

पॅनेलवर पाच जण, वेळ अठरा मिनिटं. सादरीकरणाची तिसरी स्लाइड संपायच्या आत प्रश्न आला: ‘हे समाजशास्त्र झालं. यात मॅनेजमेंट कुठे आहे?’

व्यवस्थापनाखाली पर्यटन करणाऱ्या जवळजवळ प्रत्येकाला हा प्रश्न कधी ना कधी विचारला जातोच. ‘ग’ यांनी तो आधीच विचारून घेतला होता. उमेदवारांनी वहीतलं एक पान दाखवलं. तीन खोल्यांच्या घरात रोज सरासरी साडेतेरा तास बायकांचे आणि तीन तास पुरुषांचे. खोलीचा दर ठरवताना हे साडेतेरा तास खर्चात धरलेलेच नाहीत. मग दर कशावरून ठरतो? शेजारच्या घराच्या दरावरून. हॉटेलात मजुरीचा खर्च न धरता खोलीचा दर लावला तर काय होईल, असा उलट प्रश्न त्यांनी विचारला. पॅनेलवरचे एक जण हॉटेलातूनच आलेले होते, ते हसले. पुढचे प्रश्न नमुना निवडीवर गेले. तिथे त्या अडखळल्या. किती घरं आणि का तेवढीच, याचं उत्तर कच्चं होतं.

काय झालं

निवड यादी नोव्हेंबरअखेर लागली. उमेदवारांचं नाव दुसऱ्या यादीत, ‘ग’ यांच्याकडे. जानेवारी २०२६ मध्ये कोर्सवर्क सुरू झालं. ते किमान १२ श्रेयांकांचं असतं, त्यात संशोधन पद्धती आणि संशोधन व प्रकाशन नीतिमत्ता यांचा समावेश असतो, आणि पुढे जायला ५५ टक्के लागतात. सहमार्गदर्शक म्हणून ‘घ’ यांना मान्यता मिळायला वेगळी फाइल फिरली.

आरआरसीने (विद्यापीठाच्या संशोधन मान्यता समितीने) शीर्षक एकदा परत पाठवलं. समितीला ‘महिलांचा सहभाग’ हे शब्द हवे होते, उमेदवारांना ‘महिलांचं श्रम’. फरक शब्दांचा नाही. सहभाग मोजायला प्रश्नावली पुरते, श्रम मोजायला तासांची वही लागते. ‘ग’ यांनी अर्ध्या पानाचं टिपण देऊन ‘श्रम आणि दरनिश्चिती’ असं शीर्षक मान्य करून घेतलं.

मुदतीचा हिशेब असा: प्रवेशापासून किमान तीन, कमाल सहा वर्षं, पुनर्नोंदणीने आणखी दोन, महिलांना त्यावर दोनची सूट. उमेदवार सहा वर्षं धरून चालल्या आहेत.

काय वेगळं करता आलं असतं

नेटच्या एका वर्षाची मुदत अर्जाच्या तारखेला बघणार की मुलाखतीच्या, हे विद्यापीठाला लेखी विचारायला हवं होतं. निकाल फेब्रुवारीतला आणि यादी नोव्हेंबरातली, म्हणजे मुदत संपायला तीन महिने उरले, ते केवळ सुदैवाने. राज्यातली विद्यापीठं स्वतःची पेट, म्हणजे पीएचडी प्रवेश परीक्षाही घेतात. तिचा अर्ज भरून ठेवणं हा स्वस्त विमा होता. प्रश्नपत्रिकेत निम्मे गुण संशोधन पद्धतीला असतात. तेवढा अभ्यास केला असता तर मुलाखतीत नमुना निवडीवर अडखळायचीही वेळ आली नसती.

मार्च-एप्रिल वाया गेले. मालवणची पहिली खेप मार्चमध्ये, शिमग्याच्या सुट्टीत, करता आली असती. ईमेलआधी वही, हा क्रम उलटा झाला.

‘ख’ यांना नकार कळवायला उमेदवारांनी पाच आठवडे लावले. त्या काळात त्यांची शेवटची जागा अडून राहिली आणि दुसऱ्या एका उमेदवाराला ती उशिरा मिळाली. हे क्षेत्र लहान आहे. ‘ख’ पुढे बाह्य परीक्षक म्हणून समोर येऊ शकतात.

‘घ’ यांच्याशी सगळं तोंडी ठरलं होतं. कोणत्या प्रकरणांवर कोण बघणार, निबंधात नावांचा क्रम काय, गावातल्या नोंदींवर हक्क कोणाचा, यांतलं काहीच लिहून ठेवलेलं नव्हतं. पहिल्या सहामाही सादरीकरणाआधी तिघींनी एक पानाचा मसुदा केला. नावांच्या क्रमावर अजून एकमत झालेलं नाही.

हे प्रकरण लिहिणाऱ्या आमच्यातही एक मतभेद आहे. काहींच्या मते उमेदवारांनी भूगोलाचं दार फार लवकर बंद केलं. आंतरविद्याशाखीय अभ्यासाखाली अर्ज करून ‘घ’ मुख्य गाइड होऊ शकल्या असत्या का, हे एकदा तरी तपासायला हवं होतं. इतरांचं म्हणणं, हॉटेल मॅनेजमेंट कॉलेजात बढती हवी असेल तर पदवीवर व्यवस्थापन असलेलंच बरं, नाहीतर उद्या ‘संलग्न विषय नाही’ म्हणून फाइल अडते. उमेदवारांनी हे दुसरं कारण तेव्हा कुणाला सांगितलं नव्हतं, पण निर्णयात ते होतं.